पाच टक्के चालतील, पण रोज पाचच द्या

औष्णिक वीज केंद्रांत बॉयलर सांभाळणाऱ्या आणि राख भरून पाठवणाऱ्या सर्व अभियंत्यांना,

सप्रेम नमस्कार.

आपली ओळख नाही, पण तुमच्या ईएसपीच्या (धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राच्या) हॉपरमधून आज जे पडतं ते एक-दोन दिवसांत माझ्या सायलोत, म्हणजे साठवणीच्या टाकीत, येतं. मी काँक्रीटच्या बॅचिंग प्लांटवर प्रयोगशाळा बघतो. तुमच्या लेखी राख म्हणजे वीज करून झाल्यावर उरलेला गाळ. माझ्याकडे तोच कच्चा माल आहे, आणि त्याच्या जिवावर मी दर घनमीटरमागे नव्वदेक किलो सिमेंट वाचवतो. त्यामुळे राखेत उरणाऱ्या न जळलेल्या कोळशाबद्दलची ही तक्रार असली तरी ती गरजवंताची तक्रार आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी एक सकाळ सांगतो. पुलाच्या स्लॅबचं काम होतं, हिवाळ्यात पाणी गोठणाऱ्या जागेचं, म्हणून काँक्रीटमध्ये सहा टक्के हवा मागितलेली. पहिल्या तीन गाड्या ६.२, ५.९, ६.१. चौथी आली, ३.४. आपलंच काहीतरी चुकलं असं धरून मी हवेच्या मीटरचं भांडं धुतलं, पुन्हा तीन थरांत भरलं, रबरी हातोड्याने बाजूने ठोकलं, झाकण आवळलं, दाब दिला. काटा ३.३ वर. वाळू तीच, सिमेंट तेच, हवा धरणाऱ्या रसायनाचा पंपही बरोबर मोजत होता. मग प्लांटच्या ऑपरेटरने सहज सांगितलं, "साहेब, मघाशी राखेचा नवा बल्कर खाली झाला." (बल्कर म्हणजे राखेचा टँकर.) हवेचं रसायन दीडपट केलं, हवा ५.८ वर आली, सगळे खूष. दुपारी अजून एक बल्कर आला. पुढच्या गाडीत हवा ९.६! ती गाडी परत पाठवली. दोन्ही बल्करसोबत आलेला कागद मात्र एकच होता, महिन्याच्या सरासरीचा, झेरॉक्स केलेला, एलओआय ४.२ टक्के. एलओआय म्हणजे राख तापवल्यावर घटणारं वजन, ढोबळमानाने तिच्यातला न जळलेला कार्बन. कागदावर चूक काहीच नव्हती. महिन्याची सरासरी ४.२ असेलही. पण मी सरासरी राखेचं काँक्रीट करत नाही, त्या बल्करमधल्या राखेचं करतो.

तुमच्यापैकी काहींना वाटेल की राखेत थोडा कोळसा राहिला तर एवढं काय बिघडतं. वजनाने पाहिलं तर खरंच काही नाही. राखेचे कण म्हणजे वितळून गोठलेल्या काचेच्या गोट्या. त्या सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी सावकाश जुळतात, आणि म्हणून राखेचं काँक्रीट उशिरा पण घट्ट होतं. हे गुण १९३७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात आर. ई. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी व्यवस्थित मांडले, आणि पुढे अमेरिकेतल्या हंग्री हॉर्स धरणात ही राख मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. न जळलेला कार्बन या गोट्यांमध्ये परक्यासारखा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो वेडावाकडा, भोकाभोकांचा दिसतो, स्पंजसारखा. तो चुन्याशी जुळत नाही, ताकद देत नाही, थोडं पाणी पितो. पण खरा घोटाळा तो साबणाचा करतो.

साबण म्हणजे हवा धरणारं रसायन. काँक्रीट कालवताना त्यात बुडबुडे होतातच, पण ते मोठे होऊन निघून जातात. हे रसायन बुडबुड्याच्या कातडीवर बसतं आणि त्याला बारीक आणि टिकाऊ ठेवतं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. त्या फुगणाऱ्या पाण्याला शिरायला जवळच मोकळी जागा हवी, दोन दशांश मिलिमीटरच्या आत. ती जागा म्हणजे हे बुडबुडे. ते नसले की काही हिवाळ्यांत पृष्ठभागाची पापडी निघू लागते. उलट हवा जास्त झाली की दर एक टक्क्याला ताकद साधारण पाच टक्क्यांनी घसरते. म्हणून सहा म्हणजे सहाच्या आसपासच पाहिजे, तीनही नको आणि साडेनऊ तर नकोच.

आता हिशेब बघा, मी तो एकदा डब्यातली पोळी हातात धरून पाठकोऱ्या कागदावर केला होता आणि पोळी तशीच राहिली. एका घनमीटरमध्ये सहा टक्के हवा म्हणजे साठ लिटर. ती नीट बारीक असेल तर सगळ्या बुडबुड्यांच्या कातडीचं मिळून क्षेत्रफळ भरतं सुमारे दीड हजार चौरस मीटर. त्याच घनमीटरमध्ये २७० किलो सिमेंट. त्याच्या कणांचं क्षेत्रफळ ग्रॅमला ०.३५ चौरस मीटर धरलं तर होतात साडेचौऱ्याण्णव हजार. आता ९० किलो राख घ्या, तिच्यात फक्त तीन टक्के कार्बन, म्हणजे २.७ किलो. दगडी कोळशाच्या उरलेल्या कार्बनचं क्षेत्रफळ ग्रॅममागे काही दशक चौरस मीटर असतं. चाळीस धरा. उत्तर येतं एक लाख आठ हजार चौरस मीटर! पावणेतीन किलोही नसलेल्या कार्बनने पाच पोती सिमेंटला मागे टाकलं. त्यातली कित्येक छिद्रं इतकी अरुंद असतात की साबणाचा मोठा रेणू आत शिरत नाही, म्हणून हा आकडा पूर्ण खरा धरू नका. अर्धा धरा, दहावा हिस्सा धरा, तरी बुडबुड्यांच्या दीड हजारापुढे तो सातपट उरतो. आणि मी घनमीटरमागे जे रसायन घालतो त्यातलं खरं कामाचं द्रव्य काही ग्रॅमच असतं. साबणाच्या रेणूची एक बाजू पाण्याला चिकटते, दुसरी पाण्यापासून पळते. पळणाऱ्या बाजूला बुडबुड्याची हवा आवडते, आणि कार्बनही तितकाच आवडतो. कार्बन तिथे आधीपासून बसलेला असतो, बुडबुडा नंतर तयार होतो.

हे एका क्षणात संपतही नाही. गाडी पाऊण तास ड्रम फिरवत जाते तेवढा वेळ कार्बन साबण ओढतच असतो. प्लांटवर सहा मोजलेली हवा साइटवर साडेचार निघते आणि भांडण ड्रायव्हरशी होतं, ज्याचा यात काडीचा संबंध नाही.

म्हणूनच तुमच्या एलओआयवर माझा राग आहे. राग म्हणजे, त्या आकड्यावर नाही, त्याच्यावर टाकलेल्या विश्वासावर. ती चाचणी काय सांगते? वाळवलेली राख मुशीत घातली, भट्टीत तापवली, वजन किती घटलं. अमेरिकन पद्धतीत ७५० अंशांच्या आसपास, युरोपियन पद्धतीत ९५० अंशांना. चुन्यात बांधलेलं पाणी गेलं तरी वजन घटतं, कार्बोनेट फुटून वायू गेला तरी घटतं, आणि लोखंडाने थोडा ऑक्सिजन घेतला तर उलट वाढतं. तरी चला, बहुतेक राखेत घट ही प्रामुख्याने कार्बनचीच असते, हे मान्य. पण कार्बन किती जळाला हे वजन सांगेल. तो किती अधाशी होता हे कसं सांगणार? सब-बिट्युमिनससारख्या हलक्या प्रतीच्या कोळशातून उरलेला कार्बन दगडी कोळशाच्या कार्बनपेक्षा कितीतरी जास्त छिद्राळ असतो, ग्रॅममागे शेकडो चौरस मीटरपर्यंत. म्हणजे एक टक्का एलओआयची राख चार टक्केवालीपेक्षा जास्त साबण पिऊ शकते. पिते! मी पाहिली आहे.

आणि ज्या केंद्रांत धुरातला पारा पकडायला सक्रिय कार्बनची भुकटी फवारतात, तिथे तर विषयच संपला. ती भुकटी मुळात शोषून घ्यायलाच बनवलेली असते. एलओआयमध्ये ती अर्ध्या टक्क्याने दिसेल न दिसेल, माझ्या मिक्सरमध्ये मात्र हवा नावालाही उरणार नाही.

मानकांनी आपापल्या परीने कुंपण घातलंय. अमेरिकेच्या एएसटीएम सी ६१८ मध्ये मर्यादा ६ टक्के आहे, आणि एफ वर्गाच्या राखेला कामाचा पुरावा असेल तर खरेदीदाराच्या संमतीने १२ पर्यंत सूट. युरोपच्या ईएन ४५० मध्ये ५, ७ आणि ९ टक्क्यांचे तीन गट. आपल्या आयएस ३८१२ मध्ये ५. ही कुंपणं कमाल मर्यादेची आहेत. दोनवरून पाचावर आणि पाचावरून दोनवर उड्या मारणारी राख त्या कुंपणाच्या आतच राहते, आणि माझी सकाळ मात्र वर सांगितली तशी जाते. माझ्या मते दररोज पाच टक्के देणारं केंद्र चांगलं. आज दीड, उद्या साडेचार देणारं वाईट, भले त्याची सरासरी तीन असो. पाचाला मी माझा डोस बसवून मोकळा होतो.

मग मोजायचं कशाने? त्यासाठी एक चाचणी आहे, इतकी साधी की लोक तिला गांभीर्याने घेत नाहीत. फेसाची चाचणी, फोम इंडेक्स म्हणतात. झाकणाची एक काचेची बाटली. १६ ग्रॅम सिमेंट, ४ ग्रॅम राख, ५० मिलिलिटर पाणी. हलवून घ्यायचं. मग पातळ केलेलं हवेचं रसायन ड्रॉपरने थोडं थोडं सोडायचं. झाकण लावून पंधरा सेकंद जोरात हलवायचं, बाटली टेबलावर ठेवायची आणि वरून बघायचं. आधी फेस येतो आणि डोळ्यांदेखत फुटत जातो, करड्या पाण्याचा आरसा उघडा पडतो. पुन्हा थेंब, पुन्हा हलवणं. एका क्षणी फेसाची जाळी सगळ्या पृष्ठभागावर राहते आणि पाऊण मिनिट झालं तरी मोडत नाही. तोवर गेलेले थेंब म्हणजे त्या राखेची भूक. चांगल्या राखेला पाच थेंब लागतात तिथे वाईटाला तीस लागतात. हलवणारा हात बदलला की आकडा थोडा बदलतो, खरं आहे. म्हणून आमच्याकडे ही चाचणी एकच माणूस करतो आणि रोज एक जुनी ठेवणीतली राख सोबत लावतो, तिच्याशी तुलना करायला. दहा मिनिटांचं काम. भट्टी नको, वीज नको.

त्या सकाळच्या तीनही राखा मी नंतर या बाटलीत घातल्या. पहिलीला सात थेंब, दुसरीला एकोणीस, तिसरीला सहा. हे आकडे बल्कर दारात उभा असताना हातात असते तर त्या दिवशी एकही गाडी परत गेली नसती.

आता तुमच्या बाजूने. कार्बन का उरतो हे तुम्ही मला शिकवायला हवं, पण बाहेरून जेवढं कळलंय ते सांगतो, म्हणजे मी आंधळेपणाने मागत नाही हे दिसेल. कोळसा मिलमध्ये दळून ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून सत्तर-पंचाहत्तर टक्के खाली जाईल इतका बारीक करतात. मिलमधला जाड कण अडवणारा क्लासिफायर झिजला की ३०० मायक्रॉनवरचे जाड कण भट्टीत जातात, आणि त्यांना जळून संपायला काही सेकंद पुरत नाहीत. एखाद्या बर्नरला कोळसा जास्त आणि हवा कमी मिळाली तरी तेच. पण सगळ्यात मोठी गोष्ट चांगल्या हेतूने झाली. नायट्रोजन ऑक्साइड कमी करायचे म्हणून लो-नॉक्स बर्नर आले, अमेरिकेत १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातल्या सुधारणांनंतर तर धडाक्याने. ज्वाळेला सुरुवातीला हवा कमी द्यायची, तापमान थोडं खाली ठेवायचं, उरलेली हवा वरून सोडायची. नॉक्स कमी झाले आणि कार्बनला जळायला मिळणारी संधीही कमी झाली. धूर स्वच्छ झाला, राख काळवंडली. दोष कुणालाच देता येत नाही. आता त्यात लोडची रोजची चढ-उतार आली. सूर्य वर आला, सौर वीज वाढली की तुम्हाला मागे यावं लागतं, संध्याकाळी पुन्हा मिल जोडावी लागते. त्या तासांत निघालेली राख आणि स्थिर लोडची राख एकाच सायलोत पडते, आणि तिथून माझ्याकडे.

यात तुमचाही पैसा जातो, हे मी सांगायला नको, तरी सांगतो. टनभर राखेत एक टक्का कार्बन म्हणजे दहा किलो. त्याची उष्णता सुमारे ३३० मेगाज्यूल. ३५ टक्के कार्यक्षमतेने धरली तर टनाला तीसेक युनिट वीज तुम्ही मला फुकट पाठवताय, आणि मला ती नकोय!

मी काय मागतोय ते सरळ लिहितो. कागदावर सरासरीऐवजी त्या बल्करच्या, निदान त्या सायलोच्या, त्या दिवसाच्या नमुन्याचा एलओआय द्या आणि त्याच्या शेजारी फोम इंडेक्सचा आकडा. रसायन कुठलं वापरलं तेही लिहा, कारण थेंबांची संख्या त्यावर अवलंबून असते. बॉयलर पेटवताना, तेलावर असताना, मिल बदलताना आणि लोड झपाट्याने हलत असताना निघणारी राख काँक्रीटच्या सायलोकडे वळवू नका. तिला दुसरी वाट द्या. इकॉनॉमायझरच्या (धुराच्या उष्णतेवर पाणी तापवणाऱ्या भागाच्या) हॉपरमधली जाडसर राख ईएसपीच्या राखेत मिसळू नका. कार्बन बहुतेक जाड कणांत बसतो, ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर जे उरतं ते बोटाने चोळून बघा, करडं कमी आणि काळं जास्त असतं. ईएसपीच्या मागच्या रांगांची राख बारीक असते आणि तिच्याबद्दल माझी कधीच कुरकुर नसते. पाऱ्यासाठी भुकटी फवारत असाल तर ती राख पकडल्यानंतर फवारा, म्हणजे वेगळ्या पिशव्यांत जमा होईल. आणि कोळशाची खाण किंवा मिश्रण बदललं की एक फोन करा. एवढंच, एक फोन.

यंत्रं लावायची तयारी असेल तर वाटा आहेत. घर्षणाने कार्बनवर एक आणि खनिज कणांवर दुसरा विद्युतभार चढवून दोघांना वेगळं करणारी यंत्रं कित्येक वर्षं चालतायत. तरंगत्या थराच्या भट्टीत राख पुन्हा जाळून कार्बन संपवण्याची पद्धत आहे, तिची उष्णताही परत मिळते. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी ओझोन वापरून कार्बनचा पृष्ठभागच बदलला, की कार्बन तिथेच राहतो पण साबण ओढत नाही. काही जण राखेवर आधीच एखादं स्वस्त द्रव्य फवारतात, कार्बनचं पोट भरायला. मला यातला शेवटचा उपाय आवडतो आणि त्याचीच भीतीही वाटते, कारण फवारा कमी-जास्त झाला की अस्थिरता नव्या नावाने परत येते.

आमच्या लोकांनाही दोन शब्द ऐकवतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. आमच्यापैकी कितीतरी जण राख रंगावरून पास करतात. रंग फसवतो. लोखंड जास्त असलं तरी राख गडद दिसते, आणि तोच कार्बन बारीक दळलेला असेल तर जास्त काळा वाटतो. फरशीवर थापी मारताना वर तरंगून आलेले काळे ठिपके आणि ओघळ बघून आम्ही ओरडतो, ते दिसतात म्हणून. हवा दिसत नाही म्हणून तिच्याबद्दल ओरडायला आम्हाला पापडी निघेपर्यंतची दोन-तीन वर्षं लागतात. शिवाय जिथे पाणी गोठतच नाही आणि हवा मागितलेली नसते तिथे चार-साडेचार टक्क्यांच्या राखेला नाक मुरडण्याचं काही कारण नाही. पाणी आणि स्लंप (ओल्या काँक्रीटचा पातळपणा) सांभाळला की ती उत्तम काम देते. अशा कामांना चढ-उताराची राख द्या, आम्ही घेऊ, फक्त ती तशी आहे हे सांगून द्या. फेसाच्या हलक्या ब्लॉकवाल्यांना मात्र चुकूनही देऊ नका, त्यांचा तर सगळा धंदाच बुडबुड्यावर उभा आहे.

तुमच्या प्रयोगशाळेत ही बाटली नसेल तर सुरुवात माझ्याकडून धरा. पुढच्या बल्करच्या ड्रायव्हरजवळ शिफ्टवार एकेक किलोच्या पिशव्या द्या, प्रत्येकीवर वेळ आणि त्या वेळचा लोड लिहून. मी सगळ्यांचे थेंब मोजून तक्ता त्याच गाडीने परत पाठवीन. लोडच्या रकान्याशेजारी थेंबांचा रकाना ठेवून बघा, कुठल्या तासांची राख वेगळी काढायची ते तुम्हीच मला सांगाल.

आपला,
राखेची वाट बघणारा एक प्रयोगशाळावाला